‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’

परीक्षेचा पेपर सुटला म्हणजे विद्यार्थी लगेच घरी जात नाहीत. आमच्या विधी महाविद्यालयाच्या आवारात एक लिंबाचे झाड आहे. त्याच्या पारावर बसून उत्तरे जुळवून पाहण्याचा कार्यक्रम तासभर तरी चालतो. ज्याचे उत्तर जुळले तो चहा सांगतो, ज्याचे जुळले नाही तो गप्प बसतो. मी प्रशासकीय कायदा शिकवतो. यंदा माझ्या विषयाचा पेपर झाला त्या दिवशी पर्यवेक्षणाचे काम आटोपून मी गाडी काढायला गेलो, तो पारावर वाद पेटलेला दिसला. मास्तराने अशा वेळी मुकाट्याने निघून जावे हे शहाणपणाचे. मला ते जमले नाही.

वाद वीस गुणांच्या पहिल्या प्रश्नावरून होता. कायदा करण्याचे आपले मूळ काम विधिमंडळाला दुसऱ्याकडे सोपवता येते काय, याची न्यायनिर्णयांच्या आधारे चर्चा करा, असा तो प्रश्न. मुले त्याला नुसतेच ‘डेलिगेटेड’ म्हणतात. पुस्तकात प्रत्यायोजित विधान असा जड शब्द आहे. गोष्ट मात्र साधी आहे. संसद किंवा विधानसभा कायदा करते, पण सगळा तपशील त्यात लिहीत नाही. मदत किती द्यायची, अर्ज कोणत्या नमुन्यात करायचा, तपास कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, हे सारे ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ असे लिहून कायदा पुढे सरकतो. मग शेवटच्या एखाद्या कलमात सरकारला अधिसूचनेद्वारे नियम करता येतील असे म्हटलेले असते. कायद्यावर सभागृहात भांडण होते, वर्तमानपत्रांत अग्रलेख येतात. ‘विहित’ काय झाले ते मात्र मंत्रालयातल्या टेबलावर ठरते. आणि ते ठरलेले नियम कायद्याइतकेच बांधतात.

बँकेत नोकरी करून शिकणारे एक गृहस्थ सांगत होते, “दिल्ली लॉज केसमध्ये सात न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला.” त्यांना दोघातिघांनी अडवले. १९५१ सालचा हा निर्णय प्रत्येकाने लिहिला होता आणि प्रत्येकाने निराळा लिहिला होता. यात मुलांचा फारसा दोष नाही. राष्ट्रपतींनी घटनेच्या १४३ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयाला विचारले होते की, देशात इतरत्र लागू असलेले कायदे हवे ते फेरफार करून दिल्ली, अजमेर-मेरवाडा आणि ‘क’ वर्गातील राज्यांना लावण्याचा जो अधिकार तीन कायद्यांनी सरकारला दिला आहे, तो वैध आहे काय? सात न्यायमूर्तींनी सात निराळी मते लिहिली. त्यातून निघालेला गाभा एवढाच की, धोरण विधिमंडळाने ठरवले पाहिजे, ते ठरवल्यावर तपशील दुसऱ्यावर सोपवता येतो, धोरणच सोपवता येत नाही. म्हणून १९५० च्या कायद्यातील, अस्तित्वात असलेला कायदा रद्द करण्याची किंवा त्यात दुरुस्ती करण्याची मुभा सरकारला देणारा तेवढा भाग गेला, बाकीचे टिकले. गृहस्थांचा चेहरा उतरला. “सर, किती मार्क जातील?” मी म्हटले, “दोनेक. सात मतं सात वेळा वाचून ज्याला एकमत दिसलं, त्याच्या आशावादाला दोन मार्क द्यायला हरकत नव्हती.”

खरा वाद पुढेच होता. जिंतूरकडचा एक मुलगा, वर्गात फारसा न बोलणारा, त्याने याच प्रश्नात उदाहरण म्हणून महाडचे चवदार तळे लिहिले होते. बाकीच्यांनी त्याला घेरले होते. “अरे, हा लॉचा पेपर आहे, जयंतीचं भाषण न्हाई.” “भोपळा मिळतो बघ.” तो म्हणत होता, “नगरपालिका कायद्यानं झालेली संस्था. तिनं ठराव केला. मग ते डेलिगेटेड कसं न्हाई?” माझ्याकडे सगळ्यांनी पाहिले. भोपळा म्हणणारे आणि तो, दोघांपैकी कोणीही पुरते बरोबर नव्हते, म्हणून हे प्रकरण जरा उलगडून सांगतो.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी खर्चाने बांधलेली किंवा चालवलेली, तसेच सरकारने नेमलेल्या वा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, अशी त्यात शिफारस होती. शिफारस हा शब्द महत्त्वाचा. विधिमंडळाने कायदा केला नाही, सरकारला सल्ला दिला. सरकारने आपल्या खात्यांना तो अमलात आणण्याच्या सूचना पाठवल्या. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. तीन वर्षे तो ठराव दप्तरात पडून राहिला, कोणी अस्पृश्य पाण्याला गेला नाही, कारण जाऊ देणारे कोणी नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले, तेव्हा ते कागदावरच्या हक्काचाच वापर करत होते. पुढे मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. आणि त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द करून टाकला. एका बैठकीत दिलेले दुसऱ्या बैठकीत काढून घेतले.

आता कायद्याच्या दृष्टीने पाहू. नगरपालिकेला तिच्या अधिनियमाने उपविधी करण्याचा अधिकार दिलेला असतो. उपविधी म्हणजे प्रत्यायोजित विधानच. पण तो करण्याची रीत ठरलेली असते : मसुदा प्रसिद्ध करा, हरकती मागवा, वरच्या सरकारची मंजुरी घ्या, राजपत्रात छापा. ज्या रीतीने केला त्याच रीतीने तो मागे घ्यावा लागतो, हे १८९७ च्या सामान्य वाक्खंड अधिनियमाचे २१ वे कलम सांगते. नुसत्या ठरावाला ही तटबंदी नाही. तो संस्थेचा कारभारविषयक निर्णय असतो, बहुमताने येतो, बहुमताने जातो. जिंतूरच्या मुलाने ठरावाला उपविधी समजून लिहिले, ही त्याची चूक. पण भोपळा म्हणणाऱ्यांची चूक अधिक मोठी. हक्क कोणत्या कागदावर उभा आहे, हा तर या विषयाचा मुख्य प्रश्न, आणि त्याचे महाडहून चांगले उदाहरण मला तरी दुसरे सापडत नाही.

हे प्रकरण पुढे दिवाणी न्यायालयात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निर्णय दिला. तो मात्र नगरपालिकेच्या ठरावाच्या बळावर नाही. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादिकाळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून. ठराव दहा वर्षांपूर्वीच मेला होता. उरली होती ती रूढी, आणि तिच्याशी झुंजावे लागले. घटना तयार झाली तेव्हा सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा वापर १५ व्या कलमात गेला. आणि १३ व्या कलमात ‘कायदा’ या शब्दाची व्याख्या करताना आदेश, उपविधी, नियम, विनियम, अधिसूचना आणि कायद्याचे बळ असलेली रूढी वा परिपाठ ही सगळी एकाच ओळीत बसवली गेली. मूलभूत हक्काशी विसंगत असेल तर मंत्रालयातली अधिसूचनाही रद्द, गावातली रूढीही रद्द. मी त्या मुलाला म्हटले, “हे एवढं लिहायला हवं होतंस.” तो म्हणाला, “वेळ संपला, सर. सप्लिमेंट मागितली तर घंटाच झाली.”

एवढ्यात मागे उभी असलेली एक मुलगी पुढे आली. तिची आई नगरपालिकेत झाडूकाम करते. ती म्हणाली, “सर, पेपरात सगळीकडं असंच विचारतात की संसदेनं जास्ती अधिकार दिला तर काय. दिलेला अधिकार वापरलाच न्हाई तर काय, हे का विचारत न्हाईत?”

वीस वर्षे शिकवतो आहे, पण हा प्रश्न मी पाठ्यक्रमात कधी घातला नाही. पुस्तकातली भीती एकच : सरकार मर्यादा ओलांडील. ही भीती खरी आहे, परंतु ती ज्याच्यापाशी काही आहे आणि ते जाईल असे ज्याला वाटते, त्याची भीती आहे. गिरणीमालक, जमीनदार, औषधांचे कारखानदार न्यायालयात गेले आणि त्यातून हा कायदा घडला. ज्याला अजून मिळायचेच आहे त्याचे नुकसान सरकारच्या गप्प बसण्याने होते.

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंध अधिनियम १९८९ सालचा. अंमल सुरू झाला ३० जानेवारी १९९० रोजी. त्याखालील नियम आले ३१ मार्च १९९५ रोजी. मध्ये पाच वर्षे दोन महिने गेले. या काळात कायदा नव्हता असे नाही, गुन्हे होते, शिक्षा होत्या, विशेष न्यायालयांची तरतूद होती. पण २१ व्या कलमात पीडितांचे पुनर्वसन, साक्षीदारांचा प्रवासखर्च वगैरे जे सांगितले होते, ते केंद्राच्या नियमांना अधीन राहून राज्याने करायचे होते. त्या वर्षांत एका जिल्ह्याच्या ठिकाणी घर जाळल्या गेलेल्या एका कुटुंबाबरोबर मी कचेरीत गेलो होतो. तिथला लिपिक वाईट माणूस नव्हता. त्याने बसायला खुर्ची दिली, पाणी विचारले आणि म्हणाला, “साहेब, कायद्यात मदतीचं आहे. पण किती द्यायची, कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायची, ते वरून आलेलं नाही.” त्याने खोटे सांगितले नव्हते. ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ या शब्दांचा अर्थ मला पुस्तकात कळला नव्हता, तो त्या खुर्चीत कळला.

नियम आल्यावर काय काय आले ते पाहावे. ७ व्या नियमाने तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. ११ व्याने पीडित व साक्षीदारांना प्रवासखर्च आणि भत्ता. १२ व्याने मदत, आणि तिची रक्कम अनुसूचीत. १६ व्याने मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्याची दक्षता समिती, तिची बैठक वर्षातून दोनदा. १७ व्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याची समिती, तिची बैठक दर तीन महिन्यांनी निदान एकदा. कार्यकर्ते ज्याला अॅट्रॉसिटीचा कायदा म्हणतात, त्याचे हातपाय या नियमांत आहेत. २०१६ साली १४ एप्रिलला नियमांत दुरुस्ती होऊन मदत पंच्याऐंशी हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत गेली. त्याच वर्षी अंमलात आलेल्या अधिनियमाच्या दुरुस्तीने पीडित व साक्षीदारांचे हक्क १५-अ हे नवे कलम घालून कायद्यातच लिहिले गेले. जे नियमात होते त्यातले काही वर चढून अधिनियमात आले. माझ्या मते त्या दुरुस्तीतली ही फार मोठी गोष्ट आहे, आणि तिची चर्चा सर्वांत कमी झाली.

नियमाला धार दोन्ही बाजूंनी असते हेही सांगायला हवे. तपास वरिष्ठ अधिकाऱ्याने करावा हा नियम पीडिताच्या संरक्षणासाठी केलेला. पण खालच्या अधिकाऱ्याने तपास केला म्हणून आरोपीच सुटू पाहतो. मध्य प्रदेश राज्य विरुद्ध चुन्नीलाल या २००९ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा तपास या अधिनियमापुरता अवैध ठरवला. भारतीय दंडसंहितेखालचा खटला तेवढा चालू राहू शकतो, असे म्हटले. म्हणजे चूक पोलीस खात्याची आणि दंड फिर्यादीला. कार्यकर्त्याने तपासाच्या पहिल्याच आठवड्यात अधिकाऱ्याचे पद विचारून घ्यावे, ते यासाठी.

मुलीचा प्रश्न अजून पुरा झाला नव्हता. “पण सर, सरकारला नियम करा म्हणून कोर्टाकडून सांगता येतं का?” कायद्यात बहुधा ‘करू शकेल’ असे असते, ‘करील’ असे नसते. आणि कायदा अंमलात कधी आणायचा तेही अनेकदा सरकारवरच सोपवलेले असते. ए. के. रॉय प्रकरणात १९८१ साली घटनापीठाने सांगितले की, अशी तारीख ठरवण्याचा आदेश न्यायालय सरकारला देणार नाही. प्रतिबंधक स्थानबद्धतेविषयी १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीतले तिसरे कलम आजही अंमलात आलेले नाही. संसदेने घटना बदलली, सरकारने तारीख घातली नाही.

तिच्या आईच्या कामाशी जोडलेला कायदा घ्या. हाताने मैला साफ करायला लावण्यास बंदी करणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा. महाराष्ट्र आणि गोवा यांच्यासह सहा राज्यांच्या विधिमंडळांनी मागणी केल्यावर संसदेने तो केला. त्या राज्यांत अंमल सुरू झाला २६ जानेवारी १९९७ रोजी. २०१३ साली दुसरा, अधिक व्यापक कायदा आला आणि तो ६ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. तारीख निवडणाऱ्याच्या मनात काय होते ते उघड आहे. परंतु या दुसऱ्या कायद्यात मैला साफ करणारा म्हणजे कोण, याच्या व्याख्येखाली एक स्पष्टीकरण आहे. केंद्र सरकार अधिसूचित करील ती साधने आणि ती संरक्षक सामग्री वापरून जो मैला साफ करतो, तो या कायद्याच्या दृष्टीने मैला साफ करणारा मानला जाणार नाही. काम तेच, माणूस तोच, अधिसूचनेने तो व्याख्येबाहेर. आता आपल्या पेपरातला प्रश्न इथे विचारा : हा तपशील आहे की धोरण?

मुले गप्प झाली. बँकवाले गृहस्थ म्हणाले, “हमदर्द दवाखाना.” मला आनंद झाला. १९६० च्या त्या निर्णयात, आणखी कोणकोणत्या रोगांवरच्या जाहिरातींना बंदी घालायची हे नियमांनी ठरवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला होता, कारण रोग निवडायचा तो कशाच्या आधारे, हे कायद्यात सांगितलेच नव्हते. त्याच कसोटीवर हे स्पष्टीकरण टिकेल काय? सरकारी वकील म्हणेल, कायद्याच्या उद्देशिकेतच प्रतिष्ठेची भाषा आहे, तीच मार्गदर्शक. आणि याला आधारही आहे. वसंतलाल मगनभाई संजनवाला प्रकरणात जमीनमालकाची तक्रार हीच होती. १९४८ च्या मुंबई कुळकायद्याच्या सहाव्या कलमाने कमाल खंड ठरवला होता आणि त्याहून कमी खंड अधिसूचनेने ठरवण्याचा अधिकार सरकारला दिला होता. न्या. गजेंद्रगडकरांनी बहुमताच्या निर्णयात तो अधिकार वैध ठरवला. उद्देशिका आणि कायद्याची एकूण रचना पाहता सरकारला पुरेशी दिशा मिळते, असे म्हटले. न्या. सुब्बाराव यांचे मत विरुद्ध होते. कूळ वाचले ते याच ढिल्या कसोटीमुळे. म्हणून अधिकार सोपवणे मुळातच वाईट, असे मी वर्गात कधी शिकवत नाही. उद्देशिकेचा आधार कुळाचा खंड कमी करण्यासाठी घ्यावा आणि तोच सफाई कामगाराला व्याख्येबाहेर काढण्यासाठी चालू नये, असा युक्तिवाद मात्र एखाद्या धाडसी वकिलाने करून पाहावा. उद्देशिका एका दिशेने जाते, अधिसूचना उलट दिशेने, एवढे दाखवले की पुरे.

कोणी तरी ३४१ व्या कलमाचे विचारले. तेही या विषयातच येते. अनुसूचित जातींची यादी राष्ट्रपतींनी आदेशाने जाहीर करायची, आणि एकदा जाहीर झाली की पुढच्या अधिसूचनेने ती बदलता येणार नाही, संसदेने कायदा केला तरच बदलेल. अधिकार एकदाच दिला आणि लगेच कुलूप लावले. हे कुलूप नसते तर प्रत्येक निवडणुकीआधी एक अधिसूचना निघाली असती. पण कुलपाची किंमतही आपणच मोजली आहे. १९५६ साली धर्मांतर केलेल्या बौद्धांना त्या आदेशात जागा मिळायला १९९० साली संसदेचा कायदा व्हावा लागला. चौतीस वर्षे. एका पिढीचे शिक्षण आणि नोकऱ्या त्यात गेल्या.

प्रसिद्धीवर सहा गुणांची टीप होती. ती सगळ्यांनी बरी लिहिली होती. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने अफूचा कायदा नुसत्या ठरावाने केला, तो कुठेच प्रसिद्ध केला नाही, आणि हरला नावाच्या माणसाला त्याखाली दंड झाला. नागपूर उच्च न्यायालयातून गेलेल्या न्या. व्हिव्हियन बोस यांनी १९५१ साली तो रद्द केला. लोकांना कळवल्याशिवाय कायद्याने शिक्षा करता येत नाही. उलट १९६५ च्या जॉर्ज प्रकरणात झुरिकहून मनिलाला सोने घेऊन जाणारा परदेशी प्रवासी सांताक्रूझ विमानतळावर पकडला गेला. राजपत्रात छापले होते, त्याला माहीत नव्हते हा बचाव नाही, असे ठरले. राजपत्र म्हणजे काय हे ज्या गावात पाटलालाही माहीत नसते, तिथे या दोन निर्णयांमधले अंतर फारसे जाणवत नाही, हे जाता जाता.

नियम सभागृहापुढे ठेवावे लागतात, त्यांत बदल करण्याचा वा ते रद्द करण्याचा हक्क सभागृहाला असतो. अत्याचार प्रतिबंध अधिनियमाच्या २३ व्या कलमात ही तरतूद आहे, मुदत एकूण तीस दिवसांची. आपल्या खासदाराने त्या तीस दिवसांत नियम उघडून पाहिले काय, हे विचारायला कोणी जात नाही. राज्यघटनेच्या एका अक्षराला हात न लावता नुसता कारभाराचा साचा बदलून ती निकामी करता येते, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत सांगितले होते, आणि म्हणूनच कारभाराचा इतका तपशील घटनेत का घातला याचे समर्थन केले होते. हा उतारा प्रशासकीय कायद्याच्या पहिल्या तासाला वाचून दाखवतो. परीक्षेत तो कोणी लिहीत नाही.

मुलीने वहीत काही टिपून घेतले. मी विचारले, “परीक्षा संपली, आता काय लिहितेस?” ती म्हणाली, “सतरावा नियम. आमच्या जिल्ह्यात समितीच्या बैठका किती झाल्या, माहिती अधिकारात विचारते.” बैठकांच्या तारखांबरोबर इतिवृत्ताच्या प्रतीही माग, असे मी तिला सांगितले.

पाच वाजत आले होते. जिंतूरच्या मुलाला शेवटची बस गाठायची होती. जाता जाता तो थांबला. “सर, तुम्ही तपासला असता तर किती दिले असते?”

“वीसपैकी अकरा. ठराव आणि उपविधी यांतला फरक लिहिला असतास तर पंधरा.”

“आणि तेरावं कलम?”

“ते लिहिलं असतंस तर सतरा.”

त्याने बोटांवर हिशेब केला, पिशवी खांद्याला लावली आणि फाटकाकडे पळाला.